तिसऱ्या अंकातली खुर्ची

सन १८७९, जुन्या पंचांगाप्रमाणे फेब्रुवारी महिन्याची अकरावी तारीख, वार रविवार, ईस्टरआधीचा महाउपवास लागण्यापूर्वीचा शेवटचा दिवस. स्थळ बानात प्रांतातील व्हर्शात्स नगर, ‘पांढरा बैल’ या खानावळीचे सभागृह. सकाळचे दहा वाजले होते, आणि कुझ्मान रायकोव एका रिकाम्या खुर्चीकडे पाहत मंचावर उभे होते.

“बसा की, काका,” आमच्या नाटक मंडळीचा चालक आर्सा म्हणाला. “खुर्ची काही चावत नाही.”

“चावत नाही, पण बोलते,” कुझ्मानकाका म्हणाले. “मी टेकलो की ती बोलेल, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल.”

“काय बोलेल?”

“ते तुला ठाऊक आहे, आर्सा. तुझ्या बापालाही ठाऊक होतं.”

आर्साने माझ्याकडे पाहिले आणि मी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या माशाकडे पाहिले. बाहेर कोशावा वारा सुटून तिसरा दिवस होता. तो तीन दिवस वाहतो, नाहीतर सात, नाहीतर एकवीस, असे आमच्याकडे म्हणतात. तीन संपत आले होते आणि थांबण्याचे चिन्ह नव्हते. सभागृहाची दारे सारखी धडधडत होती.

त्या खुर्चीचा वाद काय होता ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे पुष्कळांनी तो चुकीचा सांगितला आहे. आम्हा सर्बियन लोकांत प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो. त्याला स्लावा म्हणतात. सकाळी मेणबत्ती लागते, सणाचा गोल पाव कापला जातो, उकडलेल्या गोड गव्हाची वाटी दारात ठेवली जाते, आणि ज्याला यायचे तो न बोलावता येतो. त्या दिवशी घरातले सगळे बसतात, यजमान बसत नाही. शेवटचा पाहुणा उंबरा ओलांडून जाईपर्यंत तो उभा असतो, मग तो सावकार असो की गुराखी. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मूल आपल्या बापाला वर्षातून एक दिवस दिवसभर उभे पाहते आणि त्याला ते कळते.

आता, त्या संध्याकाळी आम्ही जे नवे नाटक करणार होतो, त्याच्या तिसऱ्या अंकात असाच एक स्लावा होता. रेल्वेच्या मार्गात आलेले घर दुसऱ्या दिवशी पडणार असते. यजमानाला ते ठाऊक असते, पाहुण्यांना नसते. आणि तो त्या घरातला शेवटचा स्लावा साजरा करतो. अंक चाळीस मिनिटांचा. त्याच्या आरंभी नाटककाराने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘यजमान टेबलाच्या शिरोभागी बसतो, आणि शेवटपर्यंत तेथेच बसून बोलतो.’

मंडळीत असा एकही मनुष्य नव्हता ज्याला ही चूक दिसली नाही. आणि असाही एक नव्हता ज्याने ती दाखवली. याची कारणे दोन. पहिले असे की नाटककार डॉ. तेओफान लेकिच हे कायद्याचे डॉक्टर, म्हणजे वकील होते, आणि आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचे हे ती समिती दुसऱ्याच दिवशी सकाळी ठरवणार होती. दुसरे कारण कुझ्मानकाकांचा उजवा गुडघा.

कुझ्मानकाका त्या वेळी एकसष्ट वर्षांचे होते. किकिंड्याला एका कातडी कोट शिवणाऱ्याकडे ते शिकाऊ म्हणून कामाला होते. एकोणिसाव्या वर्षी सुई कोटातच टोचलेली ठेवून ते एका फिरत्या मंडळीबरोबर निघून गेले. तेव्हापासून कोठारांत, खळ्यांत, खानावळींत, पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या मंचांवर त्यांनी राजे, सरदार, सुलतान आणि संन्यासी उभे केले. हे ‘उभे केले’ मी शब्दशः म्हणतो. फार मोठे नट ते नव्हते. त्यांचा आवाज मध्यम होता, उच्चार ग्रामीण होता, आणि प्रेमाच्या प्रवेशात ते नेहमी कोट शिवायला माप घेत असल्यासारखे दिसत. पण उभे राहावे ते त्यांनी. ते मंचावर उभे राहिले म्हणजे खालची जमीन कोणाची तरी आहे असे वाटे. सोळा वर्षांपूर्वी बेचकेरेकला पिंप निसटून फळी मोडली आणि त्यांचा गुडघा गेला. त्यांनी तो अंक पुरा केला आणि मगच ते ओरडले. आता तो गुडघा संध्याकाळपर्यंत कोबीच्या गड्ड्याएवढा होई. पाव तासापेक्षा अधिक उभे राहू नये असे वैद्याने बजावले होते.

म्हणजे नाटककाराची चूक काकांच्या गुडघ्याच्या सोयीची होती. म्हणून आम्ही गप्प होतो.

“हे बघा,” आर्सा खाली बसत म्हणाला, “उगाच ताणू नका. डॉक्टरसाहेबांनी मला सरळ सांगितलंय. आज बसून अंक निभावलात, की उद्या तीन वर्षांचा करार. बसायच्या भूमिका, तेवढ्याच. न्यायाधीश, आजारी राजा, पाद्री. अजून काय पाहिजे?”

“आणि उभा राहिलो तर?”

“तर मधेच पडाल. अंक पुरा करून कायमचा जायबंदी झालेल्या माणसाला मंडळी मरेपर्यंत सांभाळते. अंक मोडणाऱ्याला नाही. नियम काही मी केलेला नाही.”

“नियम चांगला आहे,” काका म्हणाले. “तो केला तेव्हा मी होतो.”

एवढ्यात डॉ. तेओफान स्वतः आले. चाळिशीचे, नीटनेटके, हातमोजे काढताना एकेक बोट मोजून काढणारे गृहस्थ. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांना वाईट ठरवून ही गोष्ट सांगणारे ती सोपी करतात. हंगामात एकदा तरी सर्बियन माणसांना मंचावर त्यांचे स्वतःचे घर दिसावे, यासाठी त्यांनी आपली वकिली बाजूला ठेवून दोन वर्षे हे नाटक लिहिले होते.

“डॉक्टरसाहेब,” काकांनी टोपी काढली, “एक विचारू? ते भाषण मी उभ्यानं केलं तर?”

“कशासाठी?”

“तसं बरं दिसेल.”

“बरं दिसेल!” डॉ. तेओफान हसले. “काका, ही भूमिका तुम्हाला का दिली ठाऊक आहे? तुम्हाला बसायला मिळावं म्हणून. समितीतले चारजण तुम्हाला पेन्शनीत काढा म्हणत होते. मी म्हटलं, नाही, हा माणूस बसूनही राजा दिसेल. आता तुम्ही उभे राहून मला खोटं पाडणार?”

“तसं नाही हो.”

“मग काय? संहितेत काही चूक आहे?”

माझे तोंड उघडले होते. मला अजून आठवते, पहिला शब्द माझ्या जिभेवर होता. पण काकांनी माझ्याकडे न पाहता माझ्या पायावर आपला चांगला पाय ठेवला आणि दाबला.

“चूक नाही,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाची हौस, दुसरं काय.”

“हौस पुढच्या वर्षी पुरवू. आज लिहिलंय तसं.” डॉ. तेओफान माझ्याकडे वळले. “इसिदोर, यजमानाची नक्कल तुमची पाठ आहे ना?”

पाठ होती. आर्साने ती, म्हणजे यजमानाच्या संवादांची प्रत, मला आठवड्यापूर्वीच गुपचूप दिली होती. मी होय म्हणालो, आणि काकांकडे पाहण्याचे टाळले.

ते गेल्यावर मी काकांना गाठले. “सांगून का टाकत नाही? शाळेतलं पोरसुद्धा सांगेल त्यांना.”

“चारचौघांत?”

“मग एकट्यात सांगा.”

“ऐक, इसिदोर.” ते टेबलाला टेकले. “याचा बाप तिसा नदीत बुडाला तेव्हा हा चार वर्षांचा होता. मामानं याला पेश्तला नेलं, तिथून व्हिएन्नाला. बोर्डिंगात वाढलेलं पोर. स्लाव्याला बाप उभा असतो, हे यानं बघितलं कुठे? तू त्याला काय सांगणार, चूक झाली? त्याला ऐकू काय जाईल ठाऊक आहे? तुला बाप नव्हता, हे ऐकू जाईल.”

“पण लोक हसतील ना.”

“हसतील. मी बसलो तर मला हसतील आणि त्यालाही हसतील. म्हणून म्हणतो, हे न सांगता करायचं काम आहे.”

त्यांचे ठरले आहे हे मला त्या क्षणी कळले. ते आणखी एका व्यक्तीला कळायचे होते, आणि ती ऐकून घेणारी नव्हती.

पेर्सिदाकाकू, म्हणजे कुझ्मानकाकांच्या पत्नी, मंडळीच्या प्रॉम्प्टर होत्या. मंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक भोक असते, त्यावर पेटीचे झाकण; त्यात खाली बसून, संहिता मांडीवर घेऊन, त्या तीस वर्षे कुजबुजत आल्या होत्या. त्या पेटीतून नटाचे तोंड नीट दिसत नाही. डोळ्यांसमोर असतात ते मंचाच्या कडेला लावलेल्या पायदिव्यांच्या उजेडातले पाय. काकू म्हणत, माणूस तोंडाने खोटे बोलतो, बुटाने नाही.

दुपारी रंगपटात त्या सूज उतरावी म्हणून काकांच्या गुडघ्यावर कोबीची पाने बांधत होत्या आणि मी आरशापुढे मिशा चिकटवत होतो. मधे फक्त एक चादर टांगलेली होती.

“बसायचं,” काकू म्हणाल्या. “मी सांगते म्हणून बसायचं.”

“पेर्सा, अगं लोक...”

“हसतील ना? हसू देत. बेचकेरेकला तुमची दाढी सुटून सूपात पडली, तेव्हा नव्हते हसले?”

“तेव्हा दाढीला हसले.”

“आणि आता?”

काका म्हणाले, “तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. संत निकोलाच्या दिवशी, आपल्या स्लाव्याला, आपण कधी घरात होतो? खानावळीतली खोली, नाहीतर कोणाच्या तरी माळ्यावर. दोन पाहुणे, तीन पाहुणे. एका वर्षी तर नुसता तो जर्मन गाडीवान आला होता.”

“आणि तुम्ही त्या गाडीवानासाठी रात्रीपर्यंत उभे. तो बिचारा म्हणत होता, साहेब, मी काही गुन्हा केलाय का.”

“घर नव्हतं आपल्याकडे, पेर्सा. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. मी उभा होतो, तेवढंच घर होतं.”

चादरीपलीकडून चिंधी फाडल्याचा आवाज आला.

“घट्ट झालं का?” काकूंनी विचारले.

“बरं आहे.”

“दुखायला लागलं की तुमची उजवी टाच उचलते. तुम्हाला कळत नाही, मला कळतं. टाच उचललेली दिसली की मी पानं गाळणार. चाळीस मिनिटांचा अंक वीस मिनिटांत संपवीन. मग बसा बोंबलत.”

“तू पानं गाळशील?” काकांच्या आवाजात प्रथमच खरी भीती होती. तीस वर्षांत काकूंनी कोणाचा एक शब्द गाळला नव्हता.

“बघाच.”

संध्याकाळी पाच वाजता सभागृह भरले. द्राक्षमळ्यांचे मालक, चांभार, पिंपे बनवणारे, त्यांच्या बायका, उद्यापासून सात आठवडे नाटक नाही म्हणून आलेले आणि आजपर्यंत कधीच न आलेले. पहिल्या रांगेत मधोमध डॉ. तेओफान. पहिले दोन अंक नीट झाले. काकांना त्यांत थोडेच काम होते आणि तेही बाकावर. मग तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. टेबल मांडलेले, गोल पाव, खरे गहू, पुठ्ठ्याचा मासा, मधोमध पेटलेली उंच मेणबत्ती, आणि शिरोभागी ती खुर्ची, उंच पाठीची, सभागृहाकडे तोंड करून.

मी शेजाऱ्याच्या भूमिकेत शेवटचा पाहुणा म्हणून प्रवेश केला. संहितेप्रमाणे मी दारालगतच्या बाकावर बसायचे होते, आणि त्यानंतर यजमानाने आपली जागा घ्यायची होती. काका खुर्चीजवळ गेले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. सभागृहात एकाएकी शांतता झाली. ती चांगली शांतता नव्हती. शिडी हलते आहे हे दिसल्यावर लोक जसे गप्प होतात, तशी ती होती.

काकांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आणून ठेवली, आणि म्हणाले, “बाकावर कशाला, शेजारी? आज ही तुझी.”

हे वाक्य संहितेत नव्हते. मी बसलो. दुसरे काय करणार होतो? माझ्या खिशात त्यांच्याच भूमिकेची नक्कल होती आणि त्यांच्याच खुर्चीत मी बसलो होतो. टेबलापाशी आता यजमानासाठी एकही जागा रिकामी राहिली नव्हती. सभागृहातून एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डॉ. तेओफान पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि लोकांनी काय म्हणून श्वास सोडला हे न समजल्याचा गोंधळही होता.

पहिली दहा मिनिटे मला वाटले, निभेल. काका टेबलाभोवती फिरून वाढत होते, आणि फिरताना त्यांचा पाय त्यांना साथ देत होता. मग मोठे भाषण आले. ते एका जागी उभे राहून करायचे. पूर्वज कुठून आले, कोणत्या नद्या ओलांडल्या, कोणती भांडी वाटेत टाकली. पंधराव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावरचा रंग ओघळू लागला. विसाव्या मिनिटाला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेक्षकांना तो जिव्हाळा वाटला असेल. माझ्या खांद्यावर एका पायाचे पूर्ण ओझे आले होते.

तेव्हा मी पेटीतून कुजबुज ऐकली. काकू पुढचे वाक्य सांगत होत्या, पण ते पुढचे नव्हते. ते आठ पानांनंतरचे होते. “‘आता मेणबत्तीची वेळ झाली.’”

काका थांबले. टेबलाभोवतीच्या आम्ही पाचही जणांनी ते ऐकले. त्यांनी ते वाक्य उचलले असते, तर दोन मिनिटांत अंक संपला असता आणि कोणाला काही कळले नसते. काका पेटीकडे पाहून किंचित हसले, आणि ज्या वाक्याची पाळी होती तेच, अगदी सावकाश, म्हणाले: “‘तिसरी नदी तिसा होती, आणि ती आम्ही पाण्यावरून नव्हे, बर्फावरून ओलांडली.’”

काकूंनी पुन्हा सांगितले, “‘आता मेणबत्तीची वेळ झाली.’” या वेळी जोराने. पहिल्या रांगेलाही ऐकू गेले असेल.

“‘बर्फ वाजत होता,’” काका म्हणाले.

तिसऱ्यांदा पेटीतून संहितेतले काहीच आले नाही. फक्त “अहो,” एवढेच आले.

काका त्याला उत्तर देणार नाहीत हे ठाऊक असूनही आम्ही सगळे थांबलो. मग पान उलटल्याचा आवाज आला, आणि काकू जिथे काका होते तिथे, त्याच ओळीवर, परत आल्या. त्यानंतर त्यांनी एकही शब्द गाळला नाही. उलट प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द त्या आधीच देत राहिल्या, अंधारात चालणाऱ्याच्या पायापुढे कोणी एकेक दगड ठेवत जावे तसा. तीस वर्षांत काकांना इतकी कुजबुज कधी लागली नव्हती. ती त्यांच्या स्मरणासाठी नव्हती.

शेवटी खरोखरीच मेणबत्तीची वेळ झाली. नियम असा आहे की स्लाव्याची मेणबत्ती फुंकायची नाही. यजमानाने वाइनच्या थेंबाने ती विझवायची. आर्साने वरचे दिवे आधीच मंद केले होते, म्हणजे मेणबत्ती गेली की अंधार वाटावा. काकांनी माझ्या खांद्यावरून हात काढला. मेणबत्ती तीन पावलांवर होती. ती तीन पावले त्यांनी कशी टाकली ते मी सांगू शकत नाही, कारण मी पाहिले नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते प्याला घेऊन उभे होते. थेंब पडला, ज्योत चुरचुरली, आणि मंचावर पायदिव्यांचा खालचा पट्टा तेवढा उरला. पडदा खाली येऊ लागला. तो जड होता, वाऱ्याने फुगत होता, आणि आर्साला दोर दोन्ही हातांनी ओढावा लागत होता. त्या अंधारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

मग टाळ्या. असल्या टाळ्या व्हर्शात्सने आमच्या मंडळीला कधी दिल्या नव्हत्या. लोक नाटककाराच्या नावाने ओरडू लागले, डॉ. तेओफान मंचावर चढले, वाकले, पुन्हा वाकले. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या बाईने त्यांचा हात धरला. “बाळा,” ती म्हणाली, “तुझ्या वडिलांना बघून लिहिलंयस. लगेच कळतं. असेच उभे असायचे ना रे ते?” मी विंगेतून त्यांचा चेहरा पाहत होतो. तो क्षणात पांढरा झाला. आपल्या नाटकात काय लिहिले होते आणि लोकांनी काय पाहिले, हे त्यांना त्या एका वाक्याने समजले. त्या नाटकाची छापील प्रत आज कोणालाही मिळेल; तिच्यात तिसऱ्या अंकाच्या आरंभी ‘यजमान उभा’ असे आहे.

पडद्यामागे काका खुर्चीशेजारी, अर्धे टेबलाला टेकून, जमिनीवर होते. गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. वैद्य आला, त्याने बोटांनी चाचपले आणि सांगितले की हा पाय आता मंचावर उभा राहणार नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या खोलीत समिती बसली. उपवासाचा पहिला दिवस. शेजारच्या स्वयंपाकघरातून उकडत्या घेवड्याचा वास येत होता आणि वारा अजून होताच. समितीचे पाचजण टेबलामागे, आर्सा, मी आणि पेर्सिदाकाकू समोर. काका खानावळीच्या मागच्या खोलीत पडून होते. प्रश्न एकच होता. अंक पुरा करून ते जायबंदी झाले असतील, तर खोली, जेवण आणि मंडळीच्या यादीतले नाव मरेपर्यंत त्यांचे. अंक मोडला असेल, तर आजच निरोप. आणि ज्यांना घर नाही त्यांनी कुठे जायचे, हा समितीचा प्रश्न नव्हता.

डॉ. तेओफान रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. काका उभे का राहिले याविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. त्याच गोष्टीसाठी त्यांनी लोकांपुढे वाकून टाळ्या घेतल्या होत्या. ते शेवटाविषयी बोलले.

“मी पहिल्या रांगेत होतो,” ते म्हणाले. “पडदा अर्ध्यावर असताना ते खाली गेले. मी पाहिलं. ज्या माणसाला उभं राहवत नाही त्यानं हट्ट धरू नये. शेवटचं चित्र मोडलं. नियम सर्वांना सारखा.”

“तुला काय दिसलं, आर्सा?” समितीतल्या दुसऱ्या गृहस्थाने विचारले.

“माझी पाठ होती. दोर ओढत होतो.”

“इसिदोर?”

मला खोटे बोलता आले असते. पुष्कळांनी नंतर मला विचारले, का बोलला नाहीस. पण खोट्या साक्षीवर मिळालेली खोली त्यांनी घेतली नसती. “मेणबत्ती विझली होती,” मी म्हणालो. “आवाज ऐकला. आधी काय झालं ते मला सांगता येत नाही.”

“म्हणजे कोणी पाहिलेलं नाही,” डॉ. तेओफान म्हणाले, आणि त्यांनी पुढ्यातला कागद सरळ केला.

“मी पाहिलंय,” पेर्सिदाकाकू म्हणाल्या.

“काकू, तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. तुमची साक्ष...”

“त्या पेटीत मी बायको म्हणून बसत नाही, डॉक्टरसाहेब. प्रॉम्प्टर म्हणून बसते. बायको म्हणून काल मी आठ पानं गाळायला निघाले होते, ते तुम्हीही ऐकलंत.”

काकूंनी शाल सावरली. त्या उठून त्यांना सांगू शकल्या असत्या, की त्या खुर्चीत बसायला कोणी लिहिले होते, ते का लिहिले गेले, आणि कोणाची लाज राखण्यासाठी एका म्हाताऱ्याने आपला पाय घालवला. डॉ. तेओफान त्याचीच वाट पाहत असावेत. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले, जरा वेळ पाहतच राहिल्या, आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही.

“पडदा वरून खाली येतो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला लोकांना सगळ्यांत आधी डोकं दिसेनासं होतं, मग छाती. मग तुम्हाला वाटतं, माणूस गेला. वाऱ्यानं फुगला तर अजूनच वाटतं. मला शेवटपर्यंत दिसतात ते पाय. पायदिवे मेणबत्तीनं विझत नाहीत. बूट दोन होते, शेजारी शेजारी. उजवी टाच वीस मिनिटं वर होती. मेणबत्ती विझल्यावर ती त्यांनी खाली टेकवली. कापडाची किनार बुटांपुढे येऊन फळीला लागली, तेव्हा दोन्ही टाचा जमिनीवर होत्या.”

“तुमची खात्री आहे?” डॉ. तेओफाननी विचारले. त्यांचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता.

पेर्सिदाकाकू उठल्या. त्यांना खानावळीत परत जायचे होते. काकांना पाणी द्यायची वेळ झाली होती.

“आधी पडदा पडला,” त्या म्हणाल्या. “मग यजमान.”